गाठीच्या तापाची ओळख

आपल्या मराठी घरांत अंगावर येणाऱ्या गाठींना निरनिराळी नावे आहेत. पायात काटा मोडून तो पिकला आणि जांघेत गाठ आली, तर अवधाण आले असे आपण म्हणतो. काखेत दुखरे गळू धरले तर ती काखमांजरी. कानाखाली गालाच्या मुळाशी सूज आली तर ते गालगुंड. आणि मानेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या गाठींची ओळ म्हणजे गंडमाळा. प्रत्येकीवर शेक, लेप, पोटीस असे घरगुती उपायही ठरलेले आहेत. त्यामुळे 'गाठ आली' एवढ्या बातमीने आपल्याकडे सहसा कोणी घाबरत नाही, आणि एवढ्यावर घाबरण्याचे कारणही नाही.

परंतु याच जागी, म्हणजे जांघेत, काखेत आणि मानेत, आणखी एक गाठ येते. तिच्या आधी किंवा तिच्याबरोबर सणसणून ताप येतो, आणि दोन-चार दिवसांत माणूस इकडचा किंवा तिकडचा होतो. आपले आजे-पणजे तिला 'गाठीचा ताप' म्हणत. केसरीच्या जमान्यातील वर्तमानपत्रांनी तिला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. मोगलांच्या फारशी तवारिखांत ती 'ताऊन' आहे, आणि इंग्रजी अमदानीपासून तुमच्याआमच्या तोंडी बसलेला शब्द म्हणजे प्लेग. 'मरी' हा शब्द मात्र जपून वाचावा. पटकीलाही मरीच म्हणत आणि देवीलाही. म्हणून जुन्या कागदांत 'मरी आली' असे दिसले, तर ती कोणती हे नावावरून ठरत नाही, लक्षणांवरून ठरते.

तेव्हा वाचकहो, या लेखाचा विषय लक्षणांचा आहे. प्लेगचा साद्यंत इतिहास येथे सांगायचा नाही. दख्खनच्या आणि मराठी मुलखात ही गाठ तीन वेगवेगळ्या शतकांत माणसांनी स्वच्छ ओळखली: १६८८ साली, १८९६ साली आणि १९९४ साली. लक्षण तिन्ही वेळा तेच होते. ओळखणाऱ्याच्या हाती पुढे काय होते, ते मात्र दर वेळी निराळे होते. त्या फरकाची ही हकिकत आहे.

पहिल्या प्रसंगाचे धागे आपल्या शहराशी बांधलेले आहेत. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे हे शहर वसवले. १६५३ साली दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या शहाजादा औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले, आणि २०२३ साली त्याचे छत्रपती संभाजीनगर झाले. १६८२ साली औरंगजेब येथे पुन्हा आला तो बादशहा म्हणून, मराठे, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्याशी निर्णायक लढाई करायला. तो उत्तरेत परत गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरला वारला, आणि आपल्या खुलताबादेत त्याची साधी कबर आहे.

आता बादशहाची छावणी म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. ते एक चालते शहरच होते. शिपाई, बाजारबुणगे, हत्ती, उंट, बैल. बाजारच्या ओळीच्या ओळी. आणि वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून आणलेले धान्य. एवढी माणसे आणि एवढे धान्य एके ठिकाणी दाटीने राहू लागले, की तेथे उंदीर आलेच. विजापूर १६८६ साली पडले, गोवळकोंडा १६८७ साली पडला. दोन्ही वेढ्यांत दुष्काळ आणि उपासमार यांनी माणसे आधीच खंगलेली होती. अशा वेळी, १६८८ च्या नोव्हेंबरात, विजापुरात आणि बादशाही छावणीत ताऊन फुटला.

खाफीखान या इतिहासकाराने या साथीची जी माहिती दिली आहे, ती आजच्या डॉक्टरने वाचावी अशी आहे. तो सांगतो, की हा रोग त्याआधी काही वर्षे दख्खनेत होता, आणि सुरत बंदर नि अहमदाबादेपर्यंत पोचलेला होता. लक्षणे सांगताना तो तीन जागा नेमक्या सांगतो: काख, कानामागचा भाग आणि जांघ. गाठीचा आकार तो फळांच्या उपमा देऊन सांगतो. ताप आणि डोळ्यांत चढलेली लाली हीही त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. आणि मग तो एक गोष्ट लिहितो, ती वाचून आजही चर्र होते. गाठ दिसली, की माणूस जगण्याची आशा सोडून देई. ज्यांना वारस होते त्यांचे क्रियाकर्म तरी होई. बाजारात मरून पडलेल्या निराधार, अनोळखी माणसांना मूठमाती द्यायलाही कोणी नसे.

या साथीने लहानमोठा हा भेद पाहिला नाही. बादशहाची एक बेगम औरंगाबादी महल ही याच रोगाने विजापुरास वारली. आपल्या या शहरात असताना ती जनानखान्यात आली, म्हणून तिचे नाव औरंगाबादी महल. दुसरा मोठा माणूस गाजीउद्दीनखान फिरोजजंग. विजापूरच्या वेढ्यात उपाशी मोगल फौजेला रसद पोचवून ज्याने बाजी सावरली, तोच हा सरदार. त्याला प्लेग झाला, पण तो वाचला. वाचला खरा, पण दोन्ही डोळे गेले. तरीही पुढे वीसेक वर्षे तो बादशाहीत मोठा सेनापती आणि सुभेदार म्हणून वावरला, आणि १७१० साली वारला. त्याचा मुलगा म्हणजे हैदराबादच्या गादीचा संस्थापक पहिला निजामुल्मुल्क आसफजाह. बापाची दृष्टी गेली तेव्हा तो ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होता. त्याची कबरही खुलताबादेतच, औरंगजेबाच्या कबरीपासून जवळ आहे. उद्या तुम्ही तेथे गेलात, तर एवढे आठवा, की निजामांच्या घराण्याच्या मुळाशी प्लेगने आंधळा झालेला एक सरदार आहे.

म्हणजे पाहा, सतराव्या शतकातल्या माणसांना रोगाची लक्षणे ठाऊक होती, जागा ठाऊक होत्या, आणि वाचलेल्याच्या अंगावर रोग काय ठेवून जातो हेही दिसत होते. इतकेच काय, उंदरांशी असलेला संबंधही त्याआधी सत्तर वर्षे एका घरात जवळजवळ हाती आला होता. औरंगजेबाचा आजा जहांगीर बादशहा याने आपल्या आत्मवृत्तात आग्र्याच्या साथीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ती त्याला आसफखानाच्या मुलीने सांगितली. तिच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा अडखळत आला. दासीने त्याला शेपटीला धरून मांजरीपुढे टाकले. मांजरीने त्याला तोंडात धरले आणि लगेच सोडून दिले. पण पुढे ती आजारी पडली. मग दासीला ताप आला, गाठ आली, आणि काही दिवसांत त्या घरातली माणसे एकामागून एक गेली. पुराव्याची साखळी अशी पुढ्यात होती. तिच्यातली एकच कडी कोणाला दिसली नाही, कारण ती फार बारीक होती आणि उड्या मारीत होती. ती कडी म्हणजे पिसू.

ही कडी आज आपल्याला ठाऊक आहे, म्हणून येथे थोडे थांबून रोगाचे काम कसे चालते ते पाहू. प्लेगचा जंतू मुळात उंदीर, घुशी आणि रानातले कुरतडणारे प्राणी यांचा. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचे रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्या पोटात जातात आणि तेथे वाढून तिची अन्ननळीच बुजवून टाकतात. पिसूला भूक तर लागते, पण रक्त पोटात उतरत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याबरोबर जंतू चावलेल्या जागी ओकते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर उरला नसेल, तर ते अंग माणसाचे असते. म्हणून आधी उंदीर पडतात आणि मग माणसे पडतात.

चावलेल्या जागेतून जंतू जवळच्या लसग्रंथीत जातो. पिसू पायाला चावली तर जांघेत, हाताला चावली तर काखेत, तोंडा-मानेला चावली तर कानाखाली गाठ येते. खाफीखानाने सांगितलेल्या तीन जागांचा उलगडा हा असा आहे. चाव्यानंतर साधारण दोन ते सहा दिवसांत रोग उठतो. एकाएकी हुडहुडी, मोठा ताप, डोके फुटेल अशी वेदना, अंगातले त्राण गेलेले, आणि स्पर्शही सहन होणार नाही अशी गाठ. रोगी कधी झिंगल्यासारखा चालतो, बोलणे जड होते, डोळे लाल होतात.

गाठीवरच निभावले तर ते नशीब. कारण गाठीचा बांध फुटून जंतू रक्तात उतरले, की गुंतागुंत सुरू होते. अंगावर रक्ताचे डाग उमटतात, रक्तदाब कोसळतो, हातापायांची बोटे, नाकाचा शेंडा काळा पडून सडू लागतो. मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. डोळ्यांनाही दाह होऊ शकतो. फिरोजजंगाच्या दृष्टीचे काय झाले असावे, याची कल्पना त्यावरून करता येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे जंतू फुप्फुसांत जातात. मग खोकला, छातीत दुखणे, धाप, रक्ताळलेला बेडका. आणि त्या खोकल्याच्या तुषारांतून रोग माणसाकडून माणसाकडे थेट जातो. तेव्हा मध्ये उंदीर लागत नाही आणि पिसूही लागत नाही. औषध न मिळाल्यास गाठीच्या प्लेगात शंभरांतले तीस ते साठ रोगी दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगात, औषध नसेल तर, जवळजवळ कोणी वाचत नाही.

यातले काहीही ठाऊक नसताना छावणीतल्या हकिमांनी गाठ ओळखली. पण ओळखून त्यांनी करायचे काय? त्यांच्या हाती उपाय नव्हता. ओळख म्हणजे फक्त निकाल. रोग्याने तो ऐकायचा आणि निरवानिरव करायची, इतकेच. बादशहाने स्वतः तरी काय केले? डिसेंबरात विजापूर सोडले आणि छावणी पुढे हलवली. एवढ्या मोठ्या बादशाहीजवळही तेवढाच उपाय होता.

यानंतर दोनशे आठ वर्षे उलटली. आता आपण मुंबईस येऊ. साल १८९६, महिना सप्टेंबर. मुंबईच्या बंदराला लागून मांडवीची वस्ती होती. धान्याची कोठारे, त्यांच्या माथ्यावर आणि बाजूला दाट चाळी. तेथे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगास या नावाचे डॉक्टर रोगी पाहत. ते मूळ गोव्याचे. बार्देशातील हडफडे हे त्यांचे जन्मगाव. ताप, आणि जांघेत किंवा काखेत गाठ असलेले रोगी त्यांच्यापुढे एकामागून एक येऊ लागले. तशा ज्वराला निराळे सौम्य नाव देऊन वेळ मारून नेणे सोपे होते. मुंबई हे व्यापाराचे शहर. येथे प्लेग आहे असे जाहीर झाले की जगातली बंदरे मुंबईचा माल अडवणार, हे प्रत्येकाला समजत होते. व्हिएगास नगरपालिकेचे सभासद होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीपुढे सरळ सांगितले, की हा प्लेग आहे. अनेकांना ते पटले नाही, अनेकांना ते आवडले नाही. पण थोड्याच दिवसांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले, जंतूंची तपासणी झाली, आणि व्हिएगास यांचे निदान खरे ठरले.

या वेळी ओळखणाऱ्याच्या हाती १६८८ पेक्षा पुष्कळ अधिक होते. १८९४ साली हाँगकाँग येथे आलेक्सांद्र येर्सें यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता. त्यांच्याच नावावरून त्या जंतूला आज यर्सिनिया पेस्टिस म्हणतात. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसूची ती हरवलेली कडी शोधली. ती सर्वांना मान्य व्हायला मात्र काही वर्षे गेली, आणि मुंबईत परळ येथे १९०५ पासून झालेल्या प्रयोगांनी ती पक्की झाली. पण रोग एकदा अंगात शिरला, की त्यावर खात्रीचे औषध तेव्हाही नव्हते.

औषध नव्हते तेथे सत्ता वापरली गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकुमाने गोरे सोल्जर घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघर म्हणू नये, माजघर म्हणू नये. बायकामाणसांच्या काखा-जांघा तपासण्यापर्यंत मजल गेली. ज्याच्या अंगी गाठ सापडेल त्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या तळावर नेत. परिणाम काय झाला? लोक गाठ लपवू लागले. ताप आलेल्याला पोटमाळ्यावर दडवू लागले, मेलेल्याला गुपचूप पुरू-जाळू लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो चाफेकरांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विषयापुरती त्यातली गोष्ट अशी, की ज्या लक्षणाने माणसाला मदत मिळायची, ते लक्षणच गुन्ह्याची खूण होऊन बसले. आणि मग घरच्या माणसांनी गाठ ओळखूनही तोंड मिटून घेतले.

त्याच पुण्याजवळ, त्याच महिन्यांत, दुसरीही एक रीत दिसली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणवीत. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा पांडुरंग आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. औषध त्यांच्याजवळही नव्हते. पण त्यांच्यापासून कोणी रोगी लपवला नसता, हा केवढा मोठा फरक!

पुढे ही साथ देशभर पसरली आणि तीस-चाळीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. मराठवाड्यातल्या, देशावरच्या गावांनी अनुभवाने आपला एक नियम करून घेतला: घरात उंदीर पडू लागले, की गाव उठायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. या नियमामागे पुस्तक नव्हते. घरातली म्हातारी सकाळी जात्यापाशी मेलेला उंदीर पाही आणि सांगे, की आता येथे राहणे नाही. विचार केला तर ही शास्त्रशुद्ध ओळख होती. माणसाच्या अंगावर लक्षण उमटण्याआधी घराच्या अंगावर उमटलेले लक्षण तिने वाचलेले असे.

खरी औषधे आली ती त्यानंतर. मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. साहिबसिंग सोखे यांच्या कारकिर्दीत प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग झाले. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, आणि या जंतूचा विषच उतरला म्हणा ना! स्वातंत्र्यानंतर डीडीटीची फवारणी झाली, साथी ओसरल्या. १९६६ नंतर देशात प्लेगची नोंद जवळजवळ थांबली. एक पिढी वाढली, तिला 'गाठीचा ताप' हा शब्द गोष्टींतच ऐकायला मिळाला.

आता तिसरा प्रसंग. तो आपल्या शेजारचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या गावांवर जो घाला पडला, तो आपण विसरलेलो नाही. त्या धसक्याने शेजारच्या बीड जिल्ह्यातही कित्येकांनी दगडमातीच्या घरांत निजणे सोडले आणि बाहेर तात्पुरता निवारा केला. धान्य मात्र जुन्या घरांत, कणग्यांतच राहिले. माणूस नाही, मांजर नाही, आणि धान्य भरपूर! उंदरांना आणखी काय हवे? पूर्वी उंदरांच्या भयाने लोक घर सोडीत. या वेळी भूकंपाच्या भयाने घर सोडले, आणि ते उंदरांच्या हाती गेले.

बीड जिल्ह्यातले मामला हे लहानसे गाव. बीड येथून सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आपल्याच महसूल विभागात. १९९४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीस मामल्याच्या लोकांच्या ध्यानात आले, की घरांत उंदीर मरून पडताहेत आणि पिसवांनी बेजार केले आहे. त्यांनी ते सांगितले. सुमारे तीन आठवड्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, ताप आणि गाठीचे रोगी दिसू लागले. आरोग्य खात्याची माणसे पोचली, फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घरोघर दिल्या गेल्या. मामल्यात रोग आला खरा, पण तेथे प्रेतांची रांग लागली नाही.

आणि मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत. तेथे रोग फुप्फुसाच्या रूपाने प्रकटला. पन्नासच्या वर माणसे काही दिवसांत गेली. शहरातून लाखो लोक मिळेल त्या वाहनाने पळाले; त्यांत डॉक्टरही होते. गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. देशभर मिळून पाच हजारांवर संशयित रोगी नोंदले गेले. त्यांतले बहुतेक प्लेगचे नव्हते, साध्या तापा-खोकल्याचे होते. म्हणजे मामल्यात लक्षण वेळेवर सांगितले गेले, आणि सुरतेच्या घबराटीत प्रत्येक खोकला लक्षण वाटू लागला. ओळख नसणे जसे घातक, तसेच दिसेल त्याला तेच समजणे हेही गोंधळाचे. खाफीखानाच्या हकिकतीतली सुरत तीनशे वर्षांनी पुन्हा त्याच रोगाच्या नावाने जगभर झाली, हाही इतिहासाचा एक विचित्र योग!

तुम्ही म्हणाल, आता हे कशाला? प्लेग तर गेला. वाचकहो, तो आपल्या घरांतून गेला आहे, जगातून गेलेला नाही. रानातल्या उंदीर-घुशींत तो टिकून राहतो. २००२ साली हिमाचलात शिमला जिल्ह्यात आणि २००४ साली उत्तरकाशीकडे त्याने डोके वर काढले होते. २०१७ साली मादागास्कर बेटात दोन हजारांवर रोगी झाले. म्हणून भय नको, पण ओळख असू द्यावी. ती अशी.

अवधाण असेल तर पायावर कोठे तरी जखम, फोड, रुतलेला काटा सापडतो. गाठ दुखते, पण माणूस खातोपितो, चालतो. गालगुंड बहुधा मुलांना होते आणि गालाचा आकारच बदलते. गंडमाळ, म्हणजे पुष्कळदा क्षयाची गाठ, आठवड्यांनी वाढते आणि तितकी दुखत नाही. तीही डॉक्टरला दाखवावीच, पण त्यात तासांचा हिशोब नसतो. प्लेगची गाठ एका-दोन दिवसांत येते. आधी थंडी वाजून ताप, मग गाठ. किंवा दोन्ही एकदम. ती इतकी दुखते, की रोगी पाय पोटाशी घेऊन पडतो किंवा हात अंगापासून दूर धरतो. अशी गाठ दाबू नये, चिरू नये, तीवर शेकाचे प्रयोग करीत बसू नये. आणि घरात किंवा शेजारी नुकतेच उंदीर मरून पडले असतील, तर ती गोष्ट डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावी. उंदीर पडल्याची गोष्ट सांगायला लाज वाटते, हे खरे. पण डॉक्टरच्या दृष्टीने ती ताप किती आहे यापेक्षा मोलाची असते.

ताप, धाप आणि रक्ताळलेला बेडका ही तिन्ही एकत्र दिसली, तर रोग कोणताही असो, दवाखाना गाठायला सकाळ होण्याची वाट पाहू नये. फुप्फुसाच्या प्लेगात पहिल्या चोवीस तासांत औषध पोटात किंवा शिरेत गेले, तर माणूस वाचण्याची आशा असते. आपल्या शहरात घाटीसारखे मोठे रुग्णालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे महाग नाहीत, दुर्मीळही नाहीत. मात्र ती डॉक्टरच्या सांगण्याने घ्यायची आणि दिवस भरेपर्यंत घ्यायची. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नाहीत. रोग्याच्या निकट राहिलेल्यांनाही प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या नाकारू नयेत. मेलेला उंदीर हातात धरू नये, आणि पिसवांचा बंदोबस्त झाल्याशिवाय उंदीर मारण्याची घाई करू नये; उंदीर मेले की भुकेल्या पिसवा माणसाकडेच येतात, हे वर आलेच आहे.

या तिन्ही प्रसंगांकडे एकत्र पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. विजापूरच्या छावणीत गाठ ओळखणारे होते, पण औषध नव्हते. पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाठ घरोघर ओळखली गेली, पण ती सांगायची सोय नव्हती. मामल्यात लोकांनी पाहिले, सांगितले, आणि सांगितलेल्यावर औषध पोचले. लक्षण पहिल्यांदा दिसते ते डॉक्टरला नव्हे. ते दिसते आईला, सुनेला, शेजारच्या माणसाला. त्याने ते न भिता सांगावे आणि ऐकणाऱ्याने त्याला गुन्हेगार समजू नये, एवढी व्यवस्था गावात असेल, तर पुढचे काम औषध करते. गाठीच्या तापाने तीन शतकांत शिकवलेले शहाणपण एवढेच आहे, आणि ते प्लेगपुरतेच नाही. कोणत्याही साथीत, कोणत्याही गावात, आजारी माणसाला लपवावे लागू नये याची काळजी आधी घ्यावी. गोळ्या-इंजेक्शने त्यामागून येतात.